शिट्टी कुणाच्या हाती?

भारतीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची नेमणूक झाली. २०१२ नंतर या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. मधल्या तेरा वर्षांत एवढ्या मोठ्या देशात एकही लायक माणूस नव्हता काय?

होता, पण त्याला कुणी विचारले नाही. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी या संघांकडून खेळलेले जमील दुखापतींमुळे लवकर थांबले. २००९ पासून सात वर्षे त्यांनी मुंबई एफसीला प्रशिक्षण दिले. तेथून बाहेर पडल्यावर मिझोरामच्या आयझॉल एफसीने त्यांना बोलाविले. आदल्या मोसमात तळाजवळ राहिलेल्या याच संघाने एप्रिल २०१७ मध्ये मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून आय-लीग जिंकली.

तरीही इंडियन सुपर लीगचे दार उघडायला २०२१ उजाडले. नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना आधी हंगामीच नेमले. संघ बाद फेरीत नेल्यावर कायम केले. २०१४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेतील ते पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक! म्हणजे भारतीय माणूस सहाय्यक चालतो, हंगामी चालतो. प्रमुख चालत नाही.

ही रीत आपल्याला नवी नाही. पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, पण हिंदू संघाच्या कर्णधारपदी त्यांची निवड कधीच झाली नाही. १९२३ मध्ये तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. जमील यांच्यापुढची भिंत जातीची नव्हती, हे मान्य. पण घाम एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, हा न्याय तोच. उठता-बसता गुणवत्तेचा जप करणारे या अलिखित आरक्षणाबद्दल मात्र मूग गिळून बसतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जमील यांचा संघ सिंगापूरकडून हरला आणि आशिया चषकाची संधी गेली. टीका जरूर करा. पण परदेशी प्रशिक्षक हरला तर तो एकटा हरतो आणि भारतीय हरला तर सगळे भारतीय नालायक ठरतात, हे कसे?

आता आपल्या वसई-विरारकडे पाहू. चाळीतला मुलगा कॉलेजच्या संघातून खेळतो, पदवीनंतर नोकरीच्या मागे लागतो आणि खेळ सुटतो. प्रशिक्षकाचा परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो आणि त्याला पैसा लागतो. ही फी गरीब, होतकरू खेळाडूंसाठी महानगरपालिकेने भरावी.

दुसरी गोष्ट मैदानांची. विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षित असलेली जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या चोवीस महिन्यांत पालिका हलली नाही, तर आरक्षण संपते. तेथे मग इमारत उभी राहते. म्हणून तरुणांनो, माहितीच्या अधिकारात आपल्या प्रभागातील आरक्षित मैदानांची यादी मागवा. मैदानच गेले, तर शिट्टी वाजवणार कुठे?