हजेरी म्हणजे सहभाग नव्हे

१९६२ साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले आणि बारामती-इंदापूरच्या शेतकरी घरांतील मुलांना पदवीचे शिक्षण जवळ आले. पण ही मुले शिक्षणाशी किती समरस होतात, हे मोजण्याची आपली मापे तोकडी आहेत. एक ७५ टक्के हजेरीचे. दुसरे, ‘नॅक’ने २०१७ साली मूल्यांकनात आणलेल्या विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणाचे. हजेरी सांगते, देह वर्गात होता. सर्वेक्षणातून कळते ते मुख्यत्वे महाविद्यालयाविषयीचे मत. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देऊन एसटीने येणाऱ्याचा पहिला तास बुडतो, तो गैरहजर. मागच्या बाकावर तीन वर्षे मुकाट बसलेला मात्र पूर्ण हजर! हा कुठला न्याय? आणि समाधानाचे काय? खरे शिक्षण तर पुष्कळदा अस्वस्थच करते.

मोजायचेच असेल तर हे मोजा: वर्गात प्रश्न किती जण विचारतात? अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक ग्रंथालयातून कोण नेतो? आठवडाभर न आलेल्याची चौकशी कोणी करतो काय? आपल्या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव मिळाले. त्या नावाला जागायचे, तर विद्यार्थ्याला मोजण्याआधी ओळखावे लागेल.