सर, सर दुखरा

उर्दूत डोक्याला 'सर' म्हणतात आणि शाळेत शिक्षकालाही 'सर' म्हणतात. त्यामुळे आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत एक विनोद दरवर्षी नव्याने घडतो. एखादा पोरगा उभा राहतो आणि म्हणतो, "सर, सर दुखरा." वर्ग हसतो. मीही हसायचो.

तीन वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा हे वाक्य आठवडाभरात चार-पाच वेळा बोलला. पहिल्या दिवशी मी हसलो. दुसऱ्या दिवशी 'पाणी पिऊन ये' म्हणालो. नंतर एकदा "तुझं सर मराठीच्याच तासाला का दुखतं रे?" असे विचारून वर्गाला पुन्हा हसवले. आजचा लेख त्या हसण्याबद्दल आहे.

मुलाचे नाव सांगत नाही. त्याच्या अब्बांना विचारूनच लिहितो आहे. नात्यातल्या एका वलीम्याहून घरी येताना मोटारसायकलवर तिघे होते. पुढे अब्बा, मध्ये धाकटी बहीण, मागे हा. पांढरे पट्टे पुसून गेलेला गतिरोधक अंधारात दिसला नाही. गाडी उडाली आणि हा मागच्या मागे रस्त्यावर पडला. हेल्मेट तिघांपैकी कुणाकडेच नव्हते. याच्या डोक्यावर लग्नासाठी घेतलेली नवी टोपी होती.

मिनिटभर तो डोळे मिटून पडला होता. मग उठून बसला आणि "क्या हुआ?" असे तीन-चार वेळा विचारले. प्रत्येक वेळी सांगितले, तरी पुन्हा तेच. कोपर सोलले होते, डोक्याच्या मागच्या बाजूला टेंगूळ आले होते. रक्त जवळजवळ नव्हतेच. वाटेतल्या दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन, कोपरावर पट्टी आणि दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. घरी सगळे म्हणाले, "अल्लाहने वाचवले." अम्मीने सदका दिला. चौथ्या दिवशी मुलगा शाळेत आला. मी आस्थेने विचारपूस केली, पण कोपराची.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत जे झाले, ते माझ्या डोळ्यांसमोर झाले. हा मुलगा दोन्ही लिप्यांत तरबेज होता. उजवीकडून उर्दू लिहून झाली की वही फिरवून डावीकडून मराठी लिहायला त्याला क्षणही लागायचा नाही. आता तो फळ्यावरची ओळ उतरवताना मध्येच थांबू लागला. बाकावर डोके टेकून बसू लागला. खिडकीजवळची जागा त्याला नकोशी झाली, उजेड डोळ्यांत टोचतो म्हणाला. मधल्या सुट्टीच्या गोंगाटात कान झाकून घ्यायचा. शांत स्वभावाचा हा मुलगा एकदा पट्टी मागणाऱ्या मित्राच्या थोबाडीत मारून मोकळा झाला. मी त्याला तासभर वर्गाबाहेर उभे केले.

मकतबच्या हाफिजसाहेबांनी घरी निरोप पाठवला, की पाठ असलेली सूरह हा मध्येच विसरतो. अम्मीला तो सांगायचा, सजद्यात गेलो की डोके फुटल्यासारखे होते. घरात ठरले, नजर लागली. दम करून आणलेले पाणी सुरू झाले.

एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी तो मैदानावर कोसळला. हातपाय आखडले, तोंडाला फेस आला. कुणी कांदा आणायला धावले, कुणी चप्पल हुंगवा म्हणाले. आमच्या विज्ञानाच्या सरांनी सगळ्यांना बाजूला केले, त्याला कुशीवर वळवले, तोंडात काहीही घालू दिले नाही आणि १०८ ला फोन लावला. मोठ्या दवाखान्यात डोक्याचा स्कॅन झाला. मार डोक्याच्या मागे लागला होता, पण मेंदूची जखम पुढे, कपाळाच्या आत निघाली. डॉक्टरांनी समजावले, की मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. डोके एकदम थांबले की तो आतल्या आत हाडावर जाऊन आदळतो, कधी कधी मार लागला त्याच्या समोरच्या बाजूला. लक्ष धरून ठेवणे, राग आवरणे, कामाचा क्रम लावणे या गोष्टी मेंदूच्या या पुढच्या भागाकडे असतात.

मग त्यांनी विचारले, "पडल्यापासून मुलगा बदलला होता, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

अब्बा गप्प राहिले. मीही. खरे तर लक्षात आले होते आणि मी ते लिहूनही ठेवले होते. माझ्या नोंदवहीत तारखेसह होते: गृहपाठ अपूर्ण, वर्गात झोपतो, उलट उत्तरे देतो, मारामारी. त्या मुलाच्या आजाराची सगळी लक्षणे मी शिस्तीच्या रकान्यात भरली होती.

बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात मी अवधान, स्मृती, विस्मरण यांवर पानेच्या पाने लिहिली होती. मुलगा विसरतो याची कारणे लिहिताना 'अभिरुचीचा अभाव' हे पहिले कारण असायचे. 'मुलगा गाडीवरून पडला असेल' हे कारण मला तरी कुणी शिकवले नाही.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मेलेल्यांचा हिशेब तरी लागतो. जखमींपैकी किती जण घरी परतले पण पहिल्यासारखे राहिले नाहीत, हे या आकड्यांत दिसत नाही. ते फक्त त्यांच्या घरच्यांना दिसते, आणि घरचे त्याला आळस म्हणतात, उर्मटपणा म्हणतात, नजर म्हणतात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. अपघातानंतर आपण 'रक्त आलं का?' असे विचारतो. त्यासोबत 'हा माणूस पहिल्यासारखा आहे का?' हेही विचारायला हवे. आणि हा प्रश्न डॉक्टरांवर सोडून चालणार नाही. डॉक्टर रुग्णाला दहा मिनिटे पाहतात आणि अपघाताआधी तो कसा होता हे त्यांना ठाऊक नसते. ते आई, बायको, भाऊ, शेजारी आणि शिक्षक यांनाच ठाऊक असते.

दवाखान्यात बेशुद्धी मोजायला ग्लासगो कोमा स्केल वापरतात. टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ती १९७४ मध्ये मांडली. आम्हा शिक्षकांना ती लगेच समजेल, कारण ती गुणपत्रिकाच आहे. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५. शून्य कुणालाच मिळत नाही, कमीत कमी ३ मिळतात. १३ ते १५ गुणांची इजा सौम्य धरली जाते. आमचा मुलगा उठून बसला, बोलला, चालला, म्हणजे पंधराच्या आसपासच असणार. पण पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या डोक्यातही इजा असू शकते. स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते. मेंदूच्या बारीक तंतूंना बसलेला ताण अनेकदा दिसत नाही. म्हणून स्कॅन चांगला आला तरी घरच्यांचे लक्ष ठेवणे संपत नाही.

पहिले दोन दिवस सर्वांत जोखमीचे. डोकेदुखी वाढत जाते, पुन्हा पुन्हा उलट्या होतात, झोपेतून नीट जागे करता येत नाही, बोलणे बोबडे किंवा असंबद्ध होते, एका बाजूचा हात-पाय ढिला पडतो, झटके येतात, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसतात, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव अथवा रक्त येते. यातले एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहू नका. कवटीच्या आतली रक्तवाहिनी फुटली तर माणूस आधी शुद्धीवर येतो, हसतो, चहा पितो आणि काही तासांनी कोसळतो. मधला तो चांगला वेळच घरच्यांना फसवतो. आणखी एक. अपघातानंतर कुणी बरळत, झोकांड्या देत असेल तर 'प्यायलाय' म्हणून मोकळे होऊ नका. प्यायलेला असला तरी डोक्याला मार लागलेला असू शकतो.

त्यानंतरचे आठवडे घर आणि शाळेचे. विसरणे, एकच प्रश्न पुन्हा विचारणे, चिडणे, उगाच रडू येणे, झोप फार येणे किंवा उडणे, उजेड आणि आवाज सहन न होणे, चक्कर, वास न येणे. जेवणाला वास नाही म्हणून भांडणारा नवरा कदाचित बायकोच्या हाताला नावे ठेवत नसतो, त्याला खरोखरच वास येत नसतो. म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत, कवटीखाली रक्त हळूहळू साचते. आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा रिक्षातून उतरताना पडले. तीन आठवड्यांनी ते एका अंगाला झुकून चालू लागले, नमाजच्या रकाती विसरू लागले. सगळे म्हणाले, वय झाले. शस्त्रक्रियेने साचलेले रक्त काढले आणि चाचा पुन्हा सरळ चालू लागले.

काही जण म्हणतील, मुले रोज पडतात, प्रत्येकाला स्कॅनला न्यायचे का? खर्च कोण करणार? प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाला स्कॅन लागत नाही. कुणाला लागतो ते डॉक्टर लक्षणे पाहून ठरवतात. सौम्य इजा झालेले बहुतेक जण काही दिवसांत किंवा आठवड्यांत बरे होतात. लागते ते लक्ष, आणि त्याला पैसे पडत नाहीत. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू अभ्यास, आणि डॉक्टर सांगेपर्यंत खेळ किंवा गाडी नाही, कारण मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसणे फार वाईट. डॉक्टरांकडे गेलात तर 'थोडं लागलंय' म्हणून थांबू नका. किती वेळ शुद्ध नव्हती, काय आठवत नाही, किती उलट्या झाल्या, हे सांगा आणि 'डोक्याला मार' हे शब्द पहिल्याच कागदावर लिहून घ्या. पुढच्या उपचारात आणि नुकसानभरपाईच्या दाव्यातही तो कागद लागतो.

आपल्या लोकांशीही थोडे बोलायचे आहे. नजर, जादू, आमिलबाबा यांत आपले किती आठवडे जातात याचा हिशेब करा. दुआ जरूर करा, मीही केली. पण दुआ करायला दवाखान्याच्या बाकड्यावर बसूनही येते. रमजानमध्ये पडलेल्या माणसाचे डोके दुखले तर ते रोजाने दुखते असे धरू नका. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दीनने दिलेली आहे, ती न घेण्यात शौर्य नाही. आणि हेल्मेटचे म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चार वर्षांवरील प्रत्येकासाठी आहे, मागे बसणाऱ्यासाठीसुद्धा. जुम्याच्या बयानात यासाठी दोन मिनिटे काढायला काय हरकत आहे? जीव ही अमानत आहे, हे आपण ऐकत आलो आहोत. डोके त्याच जिवाचा भाग आहे.

अपघात झाला की लोक जमतात आणि हात लावायला घाबरतात, पोलिसांची कटकट नको म्हणून. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नियमांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४ अ आले. तेव्हा १०८ ला फोन करा, जखमीची मान हलवू नका, आणि तो शुद्धीवर आल्यावर काय बोलला ते लक्षात ठेवा. "क्या हुआ?" हे चार वेळा विचारणे हे त्या रात्रीचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण होते. ते ऐकलेली माणसे होती, सांगितलेले कुणीच नव्हते.

शाळेत मी एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. कुणी पडल्यामुळे रजेवर गेला की परत आल्यावर पालकांना एकच विचारतो: डोक्याला लागले होते का? हो म्हणाले तर सगळ्या विषयांच्या शिक्षकांना कळवतो. मग महिनाभर त्या मुलाच्या नावापुढे 'आळशी' किंवा 'उद्धट' असे काही लिहायचे नाही. आधी एकमेकांना विचारायचे, तुमच्याही तासाला असेच होते का?

तो मुलगा आता बराच बरा आहे. झटक्यांची गोळी चालू आहे. दहावी पास झाला, पूर्वीच्या हुशारीने नाही, पण झाला. शाळेचा दाखला न्यायला आला तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो लाजून म्हणाला, "सर, मेरेको तो कुछ याद भी नै."

वर्गात आजही कुणीतरी उभा राहतो आणि म्हणतो, "सर, सर दुखरा." मुले हसतात, हसू देत. मी विचारतो, "कधीपासून? कुठं पडला होतास का?" बहुतेक वेळा उत्तर येते, सकाळी नाश्ता केला नाही. तेही कळलेले बरेच असते.