सेवा आणि संशय

हल्ली एक विलक्षण तर्क रूढ होऊ पाहत आहे. देवळाने अन्न वाढले तर ते अन्नदान, ख्रिस्ती शेजाऱ्याने वाढले तर ते आमिष. हिंदू संस्थेने शाळा काढली तर ते विद्यादान, मिशनने काढली तर तो सापळा. कृती एकच, परंतु करणाऱ्याचे नाव पाहून तिचा अर्थ ठरवावयाचा! या तर्काला आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही देवळाच्या पायरीवर उभे राहूनच नोंदवीत आहो.

आम्ही लिहितो ते डोईफोडियाहून. बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या या सीमाभागात मराठी, निमाडी आणि कोरकू एकाच बाजारात कानी पडतात. आणि येथे या प्रश्नाला कायद्याचेही अंग आहे. मध्य प्रदेशाचा १९६८चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली वैध ठरविला. धर्मप्रचाराचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा अधिकार नव्हे, असा तो निर्वाळा. २०२१ साली त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. बळजबरी, फसवणूक व लालूच यांना शासन व्हावे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु लालूच म्हणजे सौदा. आणि सौद्याला अट लागते. जेथे अट नाही तेथे सौदा नाही, आणि केवळ भाकरी दिली एवढ्यावरून अट गृहीत धरणे हा न्याय नव्हे. वाढणाऱ्याच्या गळ्यातील क्रूस हा काही पुरावा होऊ शकत नाही.

कोणी म्हणेल, गोमंतकाचा इतिहास विसरलात काय? मुळीच नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, १५६० साली इन्क्विझिशन आणले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. परंतु ते कृत्य तलवारीचे होते. त्याला ख्रिस्ताची करुणा म्हणणे हा त्या करुणेचाच अपमान होय. शिवाय आपले देव गेले कोठे? अंत्रूज महालात, आणि त्या काळी तेथे अंमल होता विजापूरच्या आदिलशाहीचा. म्हणजे आपल्या कुलदेवतांना आसरा मिळाला तो परधर्मी सत्तेच्या भूमीवर. ज्यांची दैवतेच एकदा निर्वासित झाली, त्यांनी तरी आतिथ्याकडे संशयाने पाहू नये. त्याच गोमंतकात लोकमानसाने शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण यांना बहिणी मानले, आणि सायबिणीच्या फेस्ताला हिंदूही जातात. सामान्य माणसाने जे सांधले, ते शहाण्यांनी का उसवावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला पंडिता रमाबाईंचे उदाहरण देतात. १८८९ साली निघालेल्या शारदा सदनात मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागला, म्हणून १८९३ साली रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ती तक्रार निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु १८९६-९७च्या दुष्काळात ज्या मध्य प्रांतात आमचा निमाड तेव्हा मोडत होता, त्या प्रांतात याच बाई गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवांना घेऊन परतल्या; त्यांचा संसार केडगावला मांडला. त्यांतील पुष्कळ जणी पुढे ख्रिस्ती झाल्या हे खरे. पण वाटेवर मरणाऱ्या मुलीला उचलले कोणी, हा पहिला प्रश्न आहे. ती पुढे कोणती प्रार्थना म्हणू लागली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ज्यापाशी नाही, त्याला दुसरा विचारण्याचा अधिकार किती?

खरे उत्तर दिले ते धोंडो केशव कर्व्यांनी. त्यांनी १८९३ साली ज्यांच्याशी पुनर्विवाह केला, त्या आनंदीबाई शारदा सदनाच्याच विद्यार्थिनी. कर्व्यांनी मिशनवर मोर्चा नेला नाही; १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला, आणि त्यातून पुढे हिंगण्याची संस्था उभी राहिली. सेवेशी स्पर्धा करावयाची तर ती सेवेनेच.

ख्रिस्ती बांधवांनाही एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. 'माझा शेजारी कोण?' असे ख्रिस्ताला विचारणारा मनुष्य आमच्यासारखाच कायदेपंडित होता. उत्तरादाखल जी गोष्ट त्याला सांगण्यात आली, तिच्यातील शोमरोनी परक्या, तुच्छ लेखलेल्या जमातीचा. त्याने जखमी वाटसरूला आपल्या जनावरावर घातले, धर्मशाळेत नेले, खर्चाला दोन नाणी दिली, आणि आपल्या वाटेने निघून गेला. वाटसरूचा धर्म त्याने विचारला नाही. स्वतःचा धर्मही त्याच्या गळी उतरविला नाही. हीच कसोटी मिशनलाही लागू आहे. भाकरीबरोबर जो अट वाढतो, तो प्रथम आपल्याच गुरूचा अपराधी ठरतो.

आणि आपण? 'अतिथिदेवो भव' ही श्रुती आपल्या सभामंडपात कोरून ठेवण्यासाठी नाही. पूर आला, साथ आली, तर आपल्या देवस्थानांची कोठारे ख्रिस्ती, मुसलमान आणि कोरकू शेजाऱ्याला नाव न विचारता उघडतील काय? याचे उत्तर होकारार्थी देता येईल, त्या दिवशी दुसऱ्याच्या अन्नछत्राची भीती आपल्याला उरणार नाही.