नमुन्याच्या नावाखाली वेठ

रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने गेल्या पावसाळ्यात मला आपली वही दाखविली. व्हिडिओ गेमसाठी लिहिलेले संवाद तीत होते. एका कंपनीने 'नमुना' म्हणून तिच्याकडून चाळीस पाने लिहून घेतली आणि मग तिच्या पत्रांना उत्तर देणेच बंद केले. घरच्या शहाण्या माणसांनी तिची समजूत घातली की सुरुवात अशीच असते. आधी नाव मिळवावे, पैसा मागाहून येतो.

हे शहाणपण मालकवर्गाच्या सोयीचे आहे. याच जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला बदली कामगार फाटकापाशी तिष्ठत उभा राही, काम न मिळाल्यास हात हलवीत परते. परंतु ज्या दिवशी तो साच्यावर उभा राहिला, त्या दिवसाची मजुरी त्याला मिळे. संगणकयुगातील उद्योगाने बदली कामगाराच्याही खाली एक पायरी शोधून काढली आहे आणि तिला 'संधी' असे गोंडस नाव दिले आहे.

मुळात हे काम काय आहे? खेळाचा लेखक एक गोष्ट सांगून मोकळा होत नाही. खेळणारा डावीकडे वळला तर काय घडेल, उजवीकडे वळला तर काय, त्याने पहारेकऱ्याला मारले, फसविले किंवा टाळले तर कोण काय बोलेल, हे सारे त्याला आधीच लिहून ठेवावे लागते. त्यातील बरेचसे खेळणाऱ्याच्या दृष्टीस कधी पडतही नाही. हे कौशल्य आपल्याला परके आहे असे समजण्याचे कारण नाही. शिमग्यात नमन-खेळ्यांतील सोंगे समोरच्या गर्दीचा रंग पाहून संवाद फिरवतात, तेव्हा ती हेच करीत असतात. ट्वाइन, इंक यांसारखी साधने मोफत मिळतात. संगणक हाताशी असला की शिकण्यासाठी रत्नागिरी सोडावी लागत नाही. अडसर शिकण्याचा नाही, मालकीचा आहे.

येथे कायदा पाहिला पाहिजे, कारण तरुण लेखकांना तो कोणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या ओघात लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, मालक ठरतो. परंतु नोकरीत नसलेल्या लेखकाचे लेखन त्याचेच राहते. हक्क सोपविण्यासाठी लेखी, सही केलेला कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणजे सही न देता पाठविलेली ती चाळीस पाने आजही त्या मुलीचीच आहेत! २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटाच्या लेखक-गीतकारांना चित्रपटगृहाबाहेरील वापरासाठी स्वामित्वधनाचा असा हक्क दिला की जो त्यांना सोडूनही देता येत नाही. त्या तरतुदीत चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांची नावे आहेत, व्हिडिओ गेमचे नाही. ते घालावे, ही मागणी कोणीतरी लावून धरली पाहिजे.

आणि निर्णय घेतो कोण? 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे व मुंबई येथील शाखा करीत असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला हलविण्यात आले. येथील श्रमिकाने राबावे आणि कथेचे भवितव्य परदेशी ठरावे, ही रीत जुनीच. पुण्याच्याच एका लहान संस्थेने २०२० मध्ये 'राजी' हा स्वतःचा खेळ काढून दाखविला, हे तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. तथापि त्याचे संवादही आधी इंग्रजीत होते.

यावर 'भारतात अजून बाजार लहान आहे' असे उत्तर मिळते. असेल. पण महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले, तेव्हा बाजार लहान असल्याची सबब उद्योजकांच्या आड आली नाही. जनतेचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक कंपनीवर तीन अटी असल्याच पाहिजेत: नमुन्याच्या लेखनाला मोबदला, खेळाच्या श्रेयनामावलीत लेखकाचे नाव, आणि मराठीत लिहिलेल्या काही खेळांची निर्मिती. २०२४ मध्ये अभिजात ठरलेल्या भाषेला सत्कारांपेक्षा अशा पगारी जागांची गरज अधिक आहे.

हे आपोआप होणार नाही. अमेरिकेत खेळांना आवाज आणि हालचाली देणाऱ्या नटांनी जुलै २०२४ मध्ये संप पुकारला, तो सुमारे अकरा महिने चालला. आपली नक्कल यंत्राकडून संमतीवाचून होऊ नये, ही त्यांची प्रमुख मागणी होती. त्यांच्यामागे संघटना होती. आपल्याकडे चित्रपटलेखकांची मुंबईत संघटना आहे. खेळांच्या लेखकांनी तिचे दार ठोठवावे, नाहीतर वेगळी उभारावी. १९८२ चा गिरणीसंप ज्यांच्या घरांनी सोसला, त्यांना संघटना म्हणजे हमखास विजय असे मी सांगणार नाही. पण एकेकट्याने कंपनीशी पत्रव्यवहार केल्यास काय होते, हे या मुलीने पाहिले आहे.

ती आता संगमेश्वरी बोलीत एक छोटा खेळ लिहिते आहे. मध्यंतरी दुसऱ्या एका कंपनीने नमुना मागितला, तेव्हा तिने दोन पाने पाठविली आणि पुढील पानांचा दर कळविला. उत्तर अद्याप आलेले नाही.