शेळीला वरचे पुढचे दात नसतात

प्रति,
मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट), धाराशिव
आणि मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, धाराशिव



लेकरांना हसरी शेळी काढायला सांगितली, की बहुतेक जण तोंड उघडं काढून वर-खाली दातांच्या दोन रांगा ठेवतात. माणसाची बत्तिशी शेळीला बसते. अशा वर्गात घरी शेळ्या बांधलेलं एखादं पोरगं असतंच. ते पाटीत डोकावून म्हणतं, ‘शेळीला वर कुठं दात असतेत?’ त्याचं बरोबर असतं. शेळीच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात, तिथं कडक हिरडी असते. खालच्या दातांनी पाला त्या हिरडीवर दाबायचा आणि मानेला हिसका देऊन तोडायचा, ही तिची खाण्याची रीत. डोळ्याचंही तसंच. लेकरं गोल ठिपका देऊन मोकळी होतात, पण शेळीची बाहुली आडव्या फटीसारखी असते. त्यामुळे चरता चरता तिला दोन्ही बाजूंची जमीन लांबवर दिसते. मान खाली गेली तरी डोळा खोबणीत असा फिरतो, की ती फट जमिनीला समांतरच राहते. वरचे दात खोडले, बाहुली आडवी केली, की पाटीवरचं ते जनावर एकदम शेळी होतं. शिवाय आधीपेक्षा जास्त गमतीदार दिसतं.

या जिल्ह्याच्या जुन्या नावाची उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते. बहुतांशी काळी, आणि एका वेताला जुळी करडं देण्यासाठी नावाजलेली. ती दारात असताना लेकरांनी तिच्याबद्दल फक्त ‘शेळी हा पाळीव प्राणी आहे’ एवढंच वाक्य लिहावं, हे पटत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

मागणी सरळ आहे. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत परिसर अभ्यास, विज्ञान आणि इतिहास शिकवताना मुलांना व्यंगचित्र काढायला शिकवावं. त्यासाठी वेगळा विषय नको आणि वेळापत्रकात नवा तासही नको. जो पाठ चालू आहे त्यातली माहिती मुलांनी चार रेषांत मांडायची, एवढंच. लिहिताना न समजलेली गोष्टही पाठ केलेल्या वाक्यात खपून जाते. चित्रात तशी सोय नाही. बैलगाडी काढायची तर जू कुठं आणि साटी कुठं हे ठरवावंच लागतं. जिथं रेष अडते तिथंच समजायचं राहिलेलं असतं, आणि शिक्षकाला ते न विचारता दिसतं.

चित्र काढल्याने लक्षात राहतं, हा केवळ अनुभव नाही, तो तपासून पाहिलेला आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जेफ्री वॅम्स, मेलिसा मीड आणि मायरा फर्नांडिस यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना साधे शब्द दिले. काही शब्दांचं ४० सेकंदांत चित्र काढायचं, काही शब्द तेवढाच वेळ पुन्हा पुन्हा लिहायचे. नंतर आठवायला सांगितलं, तेव्हा चित्र काढलेले शब्द कितीतरी जास्त आठवले. चित्र चांगलं होतं की वेडंवाकडं, याने फारसा फरक पडला नाही. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक गुरुजींनी आणि बाईंनी हे शेवटचं वाक्य मनात ठेवावं.

मराठीला ही वाट नवी नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी १९२५ साली जन्मलेले शि. द. फडणीस आपल्याला दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे आणि ‘हसरी गॅलरी’मुळे माहीत आहेत. पण त्यांनी बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रं काढली. एका अख्ख्या पिढीची आकड्यांची भीती त्या पानांनी कमी केली. त्यांच्या विनोदी चित्रांखाली बहुधा शब्दच नसतात. जे सांगायचं ते रेषेलाच सांगावं लागतं, म्हणून एकही रेष फुकट जात नाही. पुण्यात मंगेश तेंडुलकर दिवाळीत चौकात उभे राहून वाहतुकीच्या नियमांवरची स्वतःची चित्रं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात देत. वाहतुकीच्या त्या कोरड्या नियमांकडे लोक थांबून बघत. त्याहून मागे गेलं तर चित्रकथी आहेतच. चित्रांची पोथी पुढ्यात धरून कथा सांगणारी ती माणसं चित्र आणि शब्द जोडूनच शिकवत होती. फक्त या सगळ्यांत चित्र मोठ्यांनी काढलं आणि लेकरांनी पाहिलं. आता खडू लेकरांच्या हातात द्यायचा आहे.

काय काढायचं, याला या जिल्ह्यात तोटा नाही. तेरचंच घ्यावं. संत गोरोबाकाकांचं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक पुस्तकात त्याची नोंद आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर हे फार मोठं शहर, आणि तिथलं साधं कापड, तलम मलमल वगैरे माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जातो, असं तो लेखक सांगतो. चौथी-पाचवीच्या वर्गाला यातून चार चौकटी काढायला द्याव्यात: तेरला गाडी भरली, पैठण आलं, कुठंतरी चाक रुतलं, भडोचचं बंदर दिसलं.

पहिल्या चौकटीतच प्रश्न सुरू होतात. गाडीत काय दाखवायचं? कापसाची बोंडं की कापडाचे गठ्ठे? पुस्तक कापड म्हणतं, म्हणजे विणकर तेरमध्येच असणार, मग पहिल्या चौकटीत माग आला पाहिजे. गाडीचं तोंड कोणीकडं? नकाशात पाहिलं की पैठण तेरच्या वायव्येला निघतं, म्हणजे तेर पैठणच्या आग्नेयेला. ग्रीक लेखकाने नुसतं पूर्वेला म्हटलंय, तर ते किती बरोबर? सरळ रेषेत हे अंतर साधारण १५० किलोमीटर भरतं. त्याला १० दिवस, म्हणजे दिवसाला १५ किलोमीटर, आणि वळणावळणाची वाट धरली तर आणखी थोडं जास्त. भरल्या गाडीचे बैल एवढं चालतील का? हे ज्याच्या आजोबांनी गाडी हाकली त्या लेकराने घरी जाऊन विचारून यायचं. भूगोल, गणित आणि इतिहास एकाच चौकटीत येऊन बसतात. गाडी वाकडी काढली तरी चालेल, पण तोंड सोलापूरकडे केलं तर खोडावं लागेल.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात भाजक्या मातीच्या मूर्ती, मणी, दिवे समोर पाहून काढता येतात. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी साम्य आहे. दोघींना शेजारी उभं करून काय बोलतील ते फुग्यात लिहा, असं सांगितलं तर सातवीच्या मुली काय काय लिहितील!

नळदुर्गचा पाणीमहाल मात्र एकाच चित्रात मावतो. बोरी नदीवर बांध, बांधाच्या पोटात महाल, पावसाळ्यात डोक्यावरून नर-मादी धबधबे. सहलीला गेलेली लेकरं समोरून फोटो काढून येतात. बांध सुरीने कापल्यासारखा उभा कापून काढायला सांगितला, तर आतला माणूस कोरडा कसा राहतो ते हाताला कळतं.

आणि एक विषय असा आहे, जिथं हसू नको, पण व्यंगचित्राची सोपी रेष हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं नुकती झोपली होती. किल्लारी लातूर जिल्ह्यात असली, तरी सास्तूर आणि आसपासची गावं आपली. हजारो माणसं गेली, ती बहुतेक स्वतःच्याच घराखाली. आजच्या चौथीतल्या लेकराच्या आई-बापांपैकीही अनेकांना ती रात्र आठवत नाही. पाठात ‘भूकंप ही नैसर्गिक आपत्ती आहे’ असं वाक्य असतं. पण घरं का पडली, हे लेकरू काढून दाखवू शकतं. त्या भिंती दीड-दोन हात रुंद. बाहेरून दगडांची एक रांग, आतून एक, मधल्या पोकळीत माती आणि कपऱ्या. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आडवा लांब दगड, ज्याला जोडदगड म्हणावं, तो बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात गारवा देणारा आणि दरवर्षी नव्या मातीने जड होत जाणारा. जमीन हलली तेव्हा भिंतीच्या दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या, पोट फुगून फुटलं आणि माळवद खाली आलं.

हे तीन चौकटींत निघतं. पहिलीत भिंत कापून आतली माती दाखवायची. दुसरीत भिंतीला हात-पाय आणि घाबरलेला चेहरा देऊन तिचं पोट फुगलेलं काढायचं. तिसरीत तीच भिंत, पण जोडदगडांनी दोन्ही रांगांचे हात एकमेकांत गुंफलेले, आणि डोक्यावर हलकं छप्पर. गुंफलेले हात काढलेलं लेकरू मोठेपणी घर बांधायला काढेल तेव्हा मिस्त्रीला जोडदगडाबद्दल विचारेल. सास्तूर, लोहारा, उमरगा भागातल्या शाळांनी हा पाठ घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून, जपून घ्यावा. ज्यांची माणसं गेली त्यांच्या डोळ्यांसमोर ती चित्रं जाणार आहेत, हे शिक्षकांनी आधी मुलांना सांगावं.

शिकवायचं कसं, तर आपण समजतो त्यापेक्षा सोपं आहे. फळ्यावर नऊ गोल काढावेत. भुवया तीन तऱ्हांच्या: वर चढलेल्या, आत झुकलेल्या, बाहेर उतरलेल्या. तोंड तीन तऱ्हांचं: वर वळलेलं, खाली वळलेलं, सरळ. तीन गुणिले तीन, नऊ चेहरे, नऊ मनःस्थिती. अर्ध्या तासात वर्गातलं प्रत्येक लेकरू घाबरलेला ढग आणि रागावलेला हातपंप काढू शकतं. पुढे चौकटी. ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ या संस्थेचे शरद शर्मा यांनी देशभर खेड्यापाड्यांत हीच पद्धत रुजवली: ए-फोरचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, गावातल्या माणसाने गावचीच गोष्ट काढायची, झेरॉक्स काढून भिंतीवर लावायची. त्यातले बरेच जण त्याआधी कधी चित्र काढायला बसले नव्हते. या पद्धतीला रंगपेटी लागत नाही, काळं पेन आणि झेरॉक्स पुरतं.

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेला त्याचा उपयोग नाही. म्हणून हे काम वर्गशिक्षकांनीच करायचं आहे, आणि त्यांना हिंमत देणं डाएटच्या हातात आहे. पुढे हायस्कुलात एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणारी मुलं स्थिरचित्र आणि स्मरणचित्र घोटतीलच. तिथं देखणेपणाला गुण असावेत. इथं गुण द्यायचेच तर बरोबर माहितीला द्यावेत. शेळीचा एक पाय आखूड निघाला, हरकत नाही. वरचे दात दिसले, तर परत काढ.

एक काळजी खरी आहे. व्यंगचित्र शिकवलं की पोरं वर्गातल्या कुणाची तरी टर उडवतील. नाव, जात, रंग, अपंगत्व, गरिबी यांवर रेष ओढायची नाही, हा नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहावा लागेल आणि पाळावा लागेल. चित्राचा अर्थ बघणाऱ्यागणिक बदलतो, हेही शिकवावं लागेल. २०१२ साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या, व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांवर काढलेल्या व्यंगचित्रावरून संसदेत वादळ उठलं. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुस्तकांतली चित्रं तपासायला सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ज्यांनी आपल्या जगण्यात पाहिलं त्यांना ते चित्र का लागलं, हे समजून घेणं आणि ते चित्र कोणत्या काळात, कशासाठी निघालं हे समजून घेणं, दोन्ही गोष्टी शिकण्याच्या आहेत. ज्याने स्वतः चित्र काढलंय आणि ‘हे मला लागलं’ असं मित्राच्या तोंडून ऐकलंय, त्याला हे लवकर कळतं. काळजी आहे म्हणून विषय टाळू नये, तो लहान वयात आणि निरुपद्रवी विषयांवर सुरू करावा. प्राथमिकला शेळी, ढग, भिंत, बैलगाडी असेच विषय ठेवावेत.

म्हणून विनंती अशी. केंद्रांवर होणाऱ्या शिक्षण परिषदांपैकी एका परिषदेत एक तास या कामाला द्यावा. तिथं आधी शिक्षकांनीच खडू हातात घेऊन नऊ चेहरे काढावेत. पुढच्या परिषदेला प्रत्येक शाळेने चार चौकटींची एकेक गोष्ट आणावी, आपल्या गावच्या एकाच खऱ्या माहितीवर: परंड्याच्या तोफा, भूमचा खवा, कळंबची मांजरा नदी, वाशीतल्या विहिरींचं पाणी. केंद्रप्रमुखांनी चित्रांवर शेरा न मारता प्रत्येक चौकटीतली माहिती बरोबर आहे का, एवढंच तपासावं. शाळेची एक भिंत, व्हरांड्यातली असली तरी चालेल, या चौकटींसाठी मोकळी ठेवावी. महिन्याला जुनी चित्रं उतरवून नवी लावावीत. उतरवलेली चित्रं डाएटकडे जमा झाली, तर वर्षभरात जिल्ह्याची माहिती मुलांच्या हाताने काढलेली जमा होईल आणि पुढच्या वर्षीच्या वर्गांना तीच वाचायला देता येईल.

सुरुवात तेरहून करावी, असं सुचवावंसं वाटतं. संग्रहालयाच्या आवारात चाळीसएक शिक्षक सतरंजीवर बसले, समोर एक खरी शेळी बांधली आणि पहिली चौकट काढायला घेतली, तर त्या दिवशी बाकी कशाचीच गरज पडणार नाही. शेळी आणून देण्याची जबाबदारी हे पत्र लिहिणाऱ्याची.

आपला विश्वासू,
जिल्ह्यातला एक वाचक