रुग्णनोंदींचे रक्षण हेही वैद्यकर्मच

गेल्या वीस वर्षांत आपल्या चिकित्सालयांचे आणि फार्मसींचे व्यवहार हळूहळू कागदावरून संगणकावर गेले. रुग्णांचे केसपेपर, पंचकर्माचे वेळापत्रक, औषधांचे बॅच क्रमांक, विक्रेत्यांची उधारी, जीएसटीची विवरणपत्रे असे सारे काही आज एका पेटीत सामावले आहे. सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या पेटीच्या रक्षणाची जबाबदारी कोणाची, असे विचारले असता बहुतेक वैद्यबंधू ‘आमचा संगणकवाला पाहतो’ एवढेच उत्तर देतात. आम्हीही तेच देत होतो. ते उत्तर अपुरे आहे, हे अनुभवाने कळले. म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी आमच्या चिकित्सालयातील संगणकावर एकही फाईल उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावापुढे अनोळखी अक्षरे लागली होती आणि पडद्यावर खंडणीची मागणी होती. यालाच रॅन्समवेअर म्हणतात. थकीत बिलाच्या नावाने आलेली एक ईमेल आमच्याकडील मदतनिसाने उघडली होती, असे मागाहून समजले. नोंदींची दुसरी प्रत आमच्यापाशी नव्हती असे नाही. बाह्य हार्ड डिस्कवर रोज सायंकाळी आपोआप प्रत निघत असे. मात्र ती डिस्क अहोरात्र त्याच संगणकाला जोडलेली असल्याने मूळ फाईलींबरोबर प्रतही कुलूपबंद झाली. खंडणी आम्ही दिली नाही. ती देऊनही फाईली परत मिळण्याची शाश्वती नसते. अकरा वर्षांच्या नोंदी गेल्या.

या हानीचे खरे मोल आम्हास महिन्याभराने कळले. शुष्कार्शाच्या एक जुन्या रुग्णा पुन्हा आल्या. आम्ही भल्लातकाचा कल्प लिहीत असता त्याच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मागे याच औषधाने अंगभर पुरळ उठून सूज आली होती. तुम्हीच लिहून ठेवले होते ना?’’ आम्ही लिहून ठेवले होते, हे खरे. परंतु त्या क्षणी आमच्या हाती ते नव्हते. त्या बाईंची स्मृती शाबूत होती, म्हणून अनर्थ टळला. वैद्याची नोंद हरवते तेव्हा तिचे मोल रुग्णाचे शरीर चुकवते.

‘आमच्या एवढ्याशा दवाखान्यात कोण कशाला येईल?’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो भ्रम आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नामक रॅन्समवेअर जगभर पसरले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत त्याची झळ मोठ्या रुग्णालयांबरोबर ५९५ लहान दवाखान्यांनाही पोहोचली. त्यांना कोणी हेरून गाठले नव्हते. ते रॅन्समवेअर असुरक्षित संगणक शोधत स्वतःच पसरत होते. ज्या छिद्रातून ते शिरले ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, उपलब्ध केली होती. आपल्या देशात नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील कामकाज कागदावर चालवावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही अवस्था, तर आपण कोणत्या भरवशावर आहोत?

निदानपरिवर्जन हे आपल्या चिकित्सेचे पहिले सूत्र. षट्क्रियाकालाचा उपदेशही हाच की, दोष संचयावस्थेतच जिंकावा. भेदावस्थेपर्यंत थांबू नये. येथील संचय ओळखणे अवघड नाही. पायरेटेड विंडोज, महिनोन्‌महिने न केलेले अपडेट, स्वागतिकेपासून वैद्यापर्यंत सर्वांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड, दुरुस्तीसाठी दूरवरून संगणक हाताळता यावा म्हणून सदैव उघडा ठेवलेला मार्ग, ही सारी निदाने होत. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तरीही आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर तीच प्रणाली चालू असेल.

औषधनिर्मात्या बंधूंना आणखी एक धोका संभवतो. ओळखीच्या वनौषधी पुरवठादाराच्या नावाने संदेश येतो, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यावर भरावी.’ रक्कम भरली जाते आणि ती भामट्याच्या खात्यात जाते. अशा वेळी संदेशातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर फोन करून खातरजमा करावी. फसवणूक झालीच तर बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. येथे घटकाभराचा विलंबही महाग पडतो.

कायद्याचे भानही असावे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. माहितीच्या रक्षणात वाजवी दक्षता न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. परंतु आपणास दंडाच्या भीतीची गरज का पडावी? रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये, असा शिष्यास दिलेला उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात आहे. वंध्यत्व, क्लैब्य, मानसविकार यांविषयी रुग्ण विश्वासाने जे सांगतो, ते आज आपल्या संगणकात असते. ते चोरास मिळाले तर वचनभंग संगणकवाल्याचा होत नाही, वैद्याचा होतो.

उपाय फार खर्चाचा नाही. नोंदींच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक चिकित्सालयाच्या बाहेर असावी. आमच्याकडे आता दोन बाह्य डिस्क आहेत. एक आठवडाभर घरच्या कपाटात असते आणि शनिवारी दुसरीशी तिची अदलाबदल होते. प्रत काढून होताच डिस्क संगणकापासून वेगळी केली जाते. तिसरी प्रत क्लाउडवर जाते. प्रत्येक कर्मचाऱ्याचा पासवर्ड निराळा आहे, आणि औषधाच्या प्रतिकूलतेची नोंद रुग्णाच्या हातातील कागदावरही लाल शाईने केली जाते. संगणकवाला ही व्यवस्था उभारून देतो. ती चालू आहे किंवा नाही हे आम्ही स्वतः पाहतो.

मात्र प्रत असणे आणि ती उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुपीत औषध आहे म्हणून ते वीर्यवान आहे असे आपण मानत नाही. प्रतीचेही तसेच आहे. म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. आपले हे त्रैमासिक हाती पडेल त्या दिवशी प्रत्येकाने आपली डिस्क काढावी, ती दुसऱ्या संगणकास जोडावी, आणि कोणत्याही पाच रुग्णांच्या नोंदी उघडून वाचाव्यात. वर्षातून चार वेळा, अर्ध्या तासाचे हे काम आहे. त्या उघडल्या तर निश्चिंतपणे पुढील रुग्णास आत बोलवावे. न उघडल्यास त्याच दिवशी व्यवस्था सुधारावी. या अंकाच्या दिवशी आम्ही तसे केले. पाचही नोंदी उघडल्या.