स्तन्य आणि एक रक्तरोग

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्यांच्या मातोश्री रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. त्या स्वतः सध्यां सहा महिन्यांच्या बाळास अंगावर पाजीत आहेत. "आईचा हा रोग माझ्या दुधावाटें बाळास जाईल काय?" असा त्यांचा प्रश्न आहे.

रक्ताच्या कर्करोगाच्या बहुतेक प्रकारांपुरतें उत्तर 'नाहीं' हेंच. परंतु एका प्रकाराच्या बाबतींत तें इतक्या सहज देतां येत नाहीं. आणि तो वाचनांत आल्यापासून, मातृस्तन्याच्या महतीवर वर्षानुवर्षें मुलांकडून निबंध लिहवून घेणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरास थोडें थबकावें लागलें आहे.

१९७७ सालीं जपानांत डॉ. कियोशी ताकात्सुकी व त्यांचे सहकारी यांनीं प्रौढांस होणाऱ्या एका अतिवेगवान् रक्तरोगाचें वर्णन केलें. रोगी बहुतेक नैर्ऋत्येकडील क्यूशू बेटांत जन्मलेले. रक्तांतील 'टी' नांवाच्या श्वेतपेशी रोगजंतूंपासून आपलें रक्षण करितात. येथें त्याच बेसुमार वाढतात. कुंपणानेंच शेत खावें, तसा हा प्रकार! सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचें केंद्र पाकळ्या फुटल्यासारखें दिसतें, म्हणून त्यांस 'फुलपेशी' म्हणतात. (ही रसिकता अस्थानींच म्हणावयाची.) गांठी सुजतात, त्वचेवर चट्टे उठतात, रक्तांतील कॅल्शियम वाढून तहान व भ्रम होतो. तीव्र प्रकारांत रोगी बहुधा वर्षही काढीत नाहीं.

१९८० सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेनें आणि १९८१ सालीं जपानांत योरिओ हिनुमा यांनीं याच्या मुळाशीं असलेला विषाणु दाखविला. दोहोंकडचा एकच ठरला. रक्त व दांपत्यसंबंध यांवाटेंही तो पसरतो. पण ज्यांस पुढें हा रोग होतो, त्यांच्या शरीरांत तो बहुधा बाळपणींच, आईच्या दुधावाटें आलेला असतो, आणि चाळीस-पन्नास वर्षें निमूट निजलेला असतो. शंभर वाहकांपैकीं सुमारें पांचांसच रोग होतो. बाकीच्यांस आपल्या अंगीं कांहीं आहे याची वार्ताही नसते. ज्या माउलीनें तो दिला, तिला तरी कोठें ठाऊक होतें!

१९८७ पासून नागासाकी प्रांतांत गर्भवतींचें रक्त तपासूं लागले व वाहक मातांस बाळास अंगावर न पाजण्याचा सल्ला देऊं लागले. दीर्घकाळ अंगावर प्यालेल्या मुलांत शेंकडा २० च्या सुमारास आढळणारा विषाणु बाटलीच्या दुधावरील मुलांत शेंकडा २.५ वर आला. आंकडा समाधानाचा खरा. पण पान्हा दाटलेला असतां बाळास बाटली देणाऱ्या त्या मातांच्या मनाची स्थिति कोणत्या कोष्टकांत मांडावयाची?

आतां आमच्या भगिनीविषयीं. त्यांच्या मातोश्रींच्या रोगाचें नांव डॉक्टरांनीं लिहून दिलें आहे. तो अगदीं निराळा प्रकार आहे, त्यास असा विषाणु कारण नाहीं. क्यूशूंतील हा विषाणु भारतांत विरळा आहे. त्यांनीं मनांत किंतु न आणितां बाळास पाजीत राहावें, आणि आपल्या डॉक्टरांस हें पत्र एकदां दाखवावें.